संध्याकाळची आणि रात्रीची फेरी: नव्यानं घोडं पाळणाऱ्यांसाठी

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतून घोडं दारात आलं की पहिला महिनाभर बघायला रीघ लागते. रंग कसा, भोवरे कुठं, रेवाल (घोड्याची डौलदार जलद चाल) चालते का, केवढ्याला पडलं, सगळं विचारून होतं. रात्री गोठ्यात जाऊन काय बघायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. आम्हालाही कुणी सांगितलं नव्हतं.

आम्ही कंधार तालुक्यात शेतातच, आखाड्यावर राहतो. चंद्रा नावाची नुकरी, म्हणजे पांढरी घोडी आहे. लग्नसराईत आमच्या घरचे तिला वरातीला नेतात. दिवसाचं सगळं ते आणि सालगडी बघतात, रात्रीचं माझ्याकडे आलं. पहिल्या हिवाळ्यात एकदा साडेअकराला वरातीहून परत आली. दमली असेल म्हणून मी भिजवलेला हरभरा रोजच्या दुप्पट घातला, गोठ्याचं दार ओढलं आणि झोपले. दोनच्या सुमारास खुंटा हिसकल्याचा आवाज आला. जाऊन बघते तर अंग घामानं ओलं, पुढच्या पायानं जमीन उकरत होती, मान वळवून पोटाकडं बघत होती. नांदेडहून डॉक्टर पोचेपर्यंत चार वाजले. त्यांनी आल्या आल्या विचारलं, "ताई, शेवटची लीद कधी टाकली?"

मला सांगता आलं नाही. पाणी किती प्याली तेही सांगता आलं नाही. त्यांनी नाकातून नळी घातली, औषध दिलं, आणि सकाळी सातला तिनं लीद टाकली तेव्हा मी तिथंच भिंतीला टेकून बसले. त्या दिवसापासून गोठ्यात वही आहे. पुढं जे लिहिलंय ते त्या वहीतून आलंय. घोड्याचं दुखणं बहुतेक वेळा रात्री हळूहळू वाढतं आणि सकाळी आपल्याला एकदम दिसतं. म्हणून संध्याकाळी एक आणि झोपण्याआधी एक, अशा दोन फेऱ्या चुकवू नका.

आधी हे जमवून ठेवा

- डोक्याला बांधायची बॅटरी. दोन्ही हात मोकळे राहतात. मोबाईलच्या उजेडात एका हातानं घोड्याचा पाय उचलता येत नाही.
- मेडिकलवर मिळणारा डिजिटल थर्मामीटर, त्याला हातभर दोरा आणि कपड्याचा चिमटा, शिवाय व्हॅसलीन.
- सेकंद दिसणारं घड्याळ.
- खूर साफ करायचा हूक, खरारा, एक जुना टॉवेल.
- पाण्याच्या दोन बादल्या, किती लिटरच्या ते माहीत असलेल्या.
- खुंट्याला अडकवलेली वही आणि पेन्सिल. पेन थंडीत चालत नाही.
- एका प्लास्टिकच्या पिशवीत कागद: खरेदीची पावती, धनुर्वाताच्या लसीची तारीख, ग्लँडर्स या घोड्याच्या संसर्गजन्य रोगाच्या रक्ततपासणीचा अहवाल, विमा असेल तर त्याची प्रत.
- भिंतीवर खडूनं मोठ्या अक्षरात तीन नंबर: नेहमीचे डॉक्टर, रात्री येऊ शकणारे दुसरे डॉक्टर, आणि टेम्पोवाला.

पशुसंवर्धन खात्याचा टोल फ्री नंबर १९६२ आहे, तोही लिहा. पण रात्री दोन वाजता नक्की कोण येणार, हे दिवसाउजेडी विचारून ठेवा. गायी-म्हशींचे डॉक्टर गावोगाव भेटतात, घोड्याला हात लावलेले थोडे. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. घोड्याला तिथं न्यायची वेळ आली तर रस्ता कोणता, टेम्पोत चढवायला उंचवटा कुठला, याचा विचार आधी झालेला बरा.

१. दिवस मावळायच्या आत अंगावरून हात फिरवा

ही फेरी उजेड असताना करा. डाव्या खांद्याकडून जा, आवाज देत जा. मानेपासून सुरुवात करून पाठ, पोट, पायापर्यंत हात फिरवा. डोळ्याला दिसत नाही ते तळव्याला कळतं: तंगाच्या (खोगीर आवळायच्या पट्ट्याच्या) जागी आलेली गाठ, खोगिराखाली गरम लागणारा चट्टा, पोटाखाली आलेली सूज.

मग चारही खूर उचला. खडा, खिळा, काच काढा. तळातल्या त्रिकोणी मऊ भागाला कुजका वास येत असेल तर तो सडायला लागलाय. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात हे फार होतं. नाल हलतेय का बघा. शेवटी तळहात खुराच्या भिंतीवर ठेवा. चारही खूर साधारण सारखेच लागायला हवेत. एखादा तापलेला लागला तर त्या पायावर लक्ष ठेवा.

आमच्या नालबंद चाचांनी मला हे शिकवलं. पहिल्या वेळी मी खुराला हात लावून "गरम नाही, चाचा" म्हणाले. ते म्हणाले, "भाबी, गरम नाही म्हणजे कशापेक्षा नाही? रोज हात लावा, मग सांगा." तेव्हापासून रोज लावते. घोडं निरोगी असताना कसं लागतं हे हाताला माहीत नसेल तर आजारी असताना काही कळणार नाही.

२. पाणी मोजून ठेवा

मोठं घोडं दिवसाला साधारण २५ ते ४५ लिटर पाणी पितं. आपल्या एप्रिल-मे मध्ये काम असेल तर याहून जास्त. हौदावर सोडलं की किती प्यालं ते कळत नाही, म्हणून संध्याकाळनंतर बादलीनं द्या. सहाला भरलेली बादली दहाला तशीच असेल, तर त्या रात्री तेवढी एकच गोष्ट काळजीला पुरेशी आहे. सुका कडबा आणि कमी पाणी म्हणजे आतड्यात गोळा बसणार.

थंडीतही हाच धोका, आणि तो लोकांच्या लक्षात येत नाही. परभणीकडं, आमच्याकडं थंडीची लाट आली की टाकीतलं पाणी हाताला सोसत नाही. घोडं तोंड लावून सोडून देतं. संध्याकाळी विहिरीचं ताजं किंवा कोमट पाणी द्या. खुराकात रोज ३० ग्रॅमच्या आसपास साधं मीठ घातलं की तहान टिकते.

लाईटचा भरवसा धरू नका. शेतीची लाईट आठवड्याआड रात्रीची येते. टाकी रिकामी आणि मोटर बंद अशी वेळ आमच्यावर आलीय. रात्रीपुरत्या दोन बादल्या भरून झाकून ठेवा.

३. वैरण जास्त, दाणा कमी, आणि रात्री शेवटी वैरणच

घोड्याचं पोट लहान असतं आणि त्यात आम्ल सतत पाझरत राहतं. सात-आठ तास रिकामं राहिलं की जठराला जखमा होऊ शकतात. म्हणून दहाच्या फेरीला गव्हाणीत कडबा किंवा वाळलेलं गवत असायलाच हवं. साधारण साडेतीनशे किलोच्या घोडीला दिवसाला सात किलोच्या आसपास कोरडी वैरण लागते. पेंढ्या मोजून अंदाज बांधू नका, एकदा तराजूवर घालून बघा. आमच्या पेंढ्या प्रत्येक वर्षी वेगळ्या भरतात.

दाणा एका वेळी दीड-दोन किलोच्या वर नको, आणि रोजच्यापेक्षा अचानक वाढवायचा नाही. मी केलेली चूक हीच.

या भागात नव्या माणसाला फसवणाऱ्या चार गोष्टी आहेत:

- हिरवी ज्वारी, त्यातही कोवळी किंवा पाण्याविना खुरटलेली. तिच्यात विष असतं. घोड्याचा मागचा भाग लुळा पडून लघवी ठिबकायला लागते ते वेगळंच. नीट वाळलेला कडबा चालतो.
- बुरशी लागलेला मका. हा घोड्याच्या थेट मेंदूवर जातो. वरून झटकून, उन्हात वाळवून तो चांगला होत नाही. फेकून द्या, आणि गुरांपुढंही टाकू नका.
- कोंबड्यांचं खाद्य. त्यात मोनेन्सिनसारखी औषधं असू शकतात, काही पशुखाद्यातही असतात. कोंबडीला चालणारी मात्रा घोड्याचं हृदय बंद पाडू शकते. एकाच खोलीत पोती ठेवत असाल तर आजच वेगळी करा.
- पावसात भिजलेलं सोयाबीनचं भुस्कट. मूठभर हातात घेऊन वास घ्या. कुबट आला तर नको.

४. दावं, जागा, वायर

पुढचं दावं एवढं लांब हवं की घोडं आडवं होऊन डोकं जमिनीला टेकवू शकेल, पण एवढं नको की त्यात पाय अडकेल. गाठ अशी मारा की मोकळं टोक ओढलं की एका झटक्यात सुटेल. घोडं अडकून धडपडत असताना कुणाला गाठ सोडत बसता येत नाही. विळा गोठ्याबाहेर हाताशी टांगून ठेवा.

घोडं उभ्यानं डुलकी घेतं हे खरं, पण गाढ झोपेसाठी त्याला थोडा वेळ आडवं व्हावंच लागतं. आगाडी-पिछाडी (पुढची-मागची दावी) आखडून बांधलेलं घोडं दिवसेंदिवस गाढ झोपत नाही आणि मग उभ्या उभ्या गुडघ्यात वाकतं. खाली कोरडं भुस्कट पसरा. लघवीचा वास डोळ्याला झोंबत असेल तर तो घोड्याच्या छातीलाही झोंबतोय.

डासांसाठी कडुलिंबाच्या पाल्याची धुरी करत असाल तर दारं उघडी ठेवून, अंधार पडायच्या वेळी, आणि निखारा विझल्याचं डोळ्यांनी बघूनच घरात जा. बल्बची लोंबती वायर घोड्याच्या तोंडाला पोचता कामा नये.

५. दहाची फेरी: आधी लांबून बघा

बॅटरी लावून थेट आत शिरू नका. दारात अर्धा मिनिट अंधारात उभं राहा आणि ऐका. चांगलं घोडं रात्री आवाज करत असतं. वैरण चघळल्याचा एकसुरी आवाज, मधूनच फुरफुरणं, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकताना खूर वाजणं. अगदी शांतता असेल किंवा सतत पाय आपटत असेल, तर कारण शोधायचं. मग नाव घेऊन हाक मारा. झोपलेल्या घोड्याच्या मागून गेलात तर लाथ बसते. उजेड डोळ्यांवर नको, जमिनीवर पाडा.

पहिल्यांदा लीद बघा. निरोगी घोडं दिवसरात्रीत ८ ते १२ वेळा लीद टाकतं. चंद्रा संध्याकाळी सहा ते दहाच्या मध्ये एकदा-दोनदा टाकते. सहाला जागा झाडून घ्या, म्हणजे दहाला जे पडलंय ते नवीन, हे नक्की कळतं. गोळे ओलसर आणि बोटानं फुटणारे हवेत. बारीक, कडक, चकाकणारे, वर चिकट पापुद्रा असलेले गोळे म्हणजे पाणी कमी पडतंय. काहीच नसेल तर झोपायला जाऊ नका, तासाभरानं परत या.

मग कान. टॉवेल बरगड्यांच्या मागं कुशीवर ठेवा आणि त्यावर कान टेकवा. डावीकडून, मग उजवीकडून, दोन्ही बाजूंनी मिनिटभर. आतून गुरगुर, खळखळ, मधूनच लांब ओढल्यासारखा आवाज यायला हवा. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, लांबच्या नाल्याला पाणी आलंय. दोन्ही बाजू मुक्या असतील तर डॉक्टरांना फोन लावायची वेळ झाली.

शेवटी अंगावर बघा. ताजी माती, भुस्कट लागलंय का? घोडं हौसेनंही लोळतं, पण हौसेनं लोळलेलं घोडं उठल्यावर सगळं अंग झटकतं. पोट दुखणारं घोडं झटकत नाही, उठतं आणि परत बसायला बघतं.

६. नाडी, श्वास, ताप

हे रोज करायची गरज नाही. पण पहिले पंधरा दिवस रोज करा, म्हणजे आपल्या घोड्याचे आकडे वहीत येतील आणि घोड्यालाही सवय होईल.

नाडी जबड्याच्या हाडाच्या आतल्या कडेला, दोरीएवढ्या नसेवर सापडते. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणा. आरामात असलेल्या मोठ्या घोड्याची २८ ते ४४. साठच्या वर आणि पोटाची लक्षणं असतील तर एक मिनिटही थांबू नका.

श्वास कुशीच्या हलण्यावरून मोजा, मिनिटाला ८ ते १६. उन्हाळ्यात उकाड्यानं थोडे जास्त येतात.

ताप गुदद्वारात मोजायचा. बाजूला उभं राहून, दोऱ्याचा चिमटा शेपटीच्या केसांना लावून. ९९ ते १०१ फॅरनहाइट ठीक. शिंगराचा थोडा जास्त असतो. १०२ च्या वर गेला की डॉक्टरांना कळवा.

ओठ वर करून हिरडी बघा. फिकट गुलाबी आणि ओली हवी. बोटानं दाबून सोडा, पांढरा ठसा दोन सेकंदांत भरायला हवा. विटकरी लाल, जांभळी किंवा कोरडी हिरडी वाईट.

७. वरातीहून आल्यावर

घोडं दारात येताच पहिला प्रश्न बरोबरच्या माणसाला विचारा: काय खाल्लं? नवरदेवाकडची पोरं लाडानं जिलेबी, बुंदी, पुऱ्या चारतात. पंगतीतला उरलेला भात घमेलंभर पुढं ठेवणारे लोक मी स्वतः पाहिलेत. त्यांचा हेतू चांगला असतो, पण एवढं पीठ आणि साखर एकदम आतड्यात गेली की पोट दुखतं, आणि एक-दोन दिवसांत खूर तापतात. डॉक्टर त्याला लॅमिनायटिस म्हणतात. घोडं पुढचे पाय लांब टाकून मागं रेलून उभं राहतं, वळताना पाय टाकत नाही. खुराच्या वर, मागच्या बाजूला नस जोरात उडताना लागते. अशा वेळी डॉक्टर येईपर्यंत खूर बर्फाच्या नाहीतर गार पाण्यात ठेवा आणि अजिबात चालवू नका. आता आम्ही ठरवतानाच सांगतो की घोडीला काही चारायचं नाही.

आल्यावर तंग सैल करा, दहा मिनिटं हळू फिरवा, फिरवता फिरवता थोडं थोडं पाणी द्या. मग वैरण. दाणा तासाभरानंतर, नेहमीएवढाच, किंवा सरळ सकाळी. तोंडाचे कोपरे बघा, लगाम ओढून सोललेत का. डोळे बघा, फवाऱ्याचा फेस आणि चमकी आत जाते. आयाळीतली झिरमिळ्यांची तार काढून टाका.

झोपायच्या आधी एकदा परत या. पोटाचा त्रास आल्या आल्या दिसत नाही, दोन-तीन तासांनी दिसतो.

८. बिघडलंय असं वाटलं तर

वैरण-दाणा समोरून काढा. वेळ लिहा. डॉक्टरांना फोन करून हे सांगा: कधीपासून, शेवटची लीद, शेवटचं पाणी, शेवटचं खाणं, नाडी, ताप, हिरडीचा रंग. एवढं सांगितलं की डॉक्टर गाडीत काय घालून निघायचं ते ठरवतात. लोळत असेल तर हळू चालवा, पण तासन् तास पळवून दमवू नका. शांत उभं राहत असेल तर उभं राहू द्या.

आणि नळीनं तेल पाजू देऊ नका. त्या रात्री आमच्या शेजारचे काका गोडेतेल आणि बांबूची नळी घेऊनच आले होते. मायेनं आले होते. फोनवर चाचा ओरडले म्हणून थांबलं. घोड्याला उलटी होत नाही, आणि जबरदस्तीनं ओतलेलं फुफ्फुसात उतरलं तर पोटातून वाचलेलं घोडं न्यूमोनियानं जातं. मेडिकलवरून आणलेलं दुखणं थांबवायचं इंजेक्शनही स्वतः टोचू नका. कळ दबते, आतलं वाढत राहतं आणि डॉक्टरांना खरं चित्र दिसत नाही.

पावसाळ्यात नाक किंवा तोंड एकदम सुजलं तर साप चावल्याचा संशय धरा. घोडं तोंडानं श्वास घेऊ शकत नाही, त्याला नाकाचाच रस्ता आहे, म्हणून इथं प्रत्येक मिनिट मोलाचं. कापू नका, आवळू नका, डॉक्टर गाठा. पावसाळा सरताना गोमाश्या वाढल्या की येऊन-जाऊन ताप, पोटाखाली सूज आणि खाऊनही वाळत जाणं दिसतं, तेव्हा सर्रा (माश्यांमुळं पसरणारा रक्ताचा आजार) तपासायला सांगा. नाकातून घट्ट शेंबूड आणि अंगावर फुटणाऱ्या गाठी दिसल्या तर घोडं वेगळं बांधा, हात न घालता सरकारी दवाखान्यात कळवा. ग्लँडर्स माणसालाही होतो, आणि तो कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे.

९. गाभण घोडी असेल तर

साधारण अकरा महिने भरतात, आणि घोडी बहुतेक रात्रीच विते, आजूबाजूला कुणी नाही असं बघून. कास भरून सडांच्या टोकाला मेणासारखे थेंब दिसले की बहुतेक घोड्या एक-दोन दिवसांत वितात. त्यानंतर दर दोन तासांनी फेरी, लांबूनच. आत जाऊन बसू नका, ती थांबवून धरते.

पाणी फुटल्यावर अर्ध्या तासात शिंगरू बाहेर यायला हवं. आधी पांढरट पडदा दिसतो. त्याऐवजी लाल मखमली पिशवी बाहेर आली तर डॉक्टरांना फोन लावून त्यांच्या सांगण्याप्रमाणे ती लगेच फाडावी लागते, शिंगराचा श्वास अडकलेला असतो. शिंगरू तासात उभं, दोन तासांत आचळाला, आणि वार तीन तासांत पडलेली हवी. वार बादलीत ठेवून डॉक्टरांना दाखवा, तुकडा आत राहिलाय का ते त्यावरून कळतं.

चंद्राला दहावा महिना चालू आहे. कालची नोंद अशी आहे: सहाला बादली भरली, दहाला निम्मी. लीद दोनदा, मऊ. दोन्ही कुशी बोलतात. कास अजून रिकामी. डाव्या पुढच्या खुरात खडा होता, काढला.